अमेरिकन कथा मासिकांतच का वाढली?

अमेरिकन लघुकथेच्या जडणघडणीत एका कायद्याचा मोठा हात आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. १८९१ पर्यंत अमेरिकेत परदेशी लेखकांना कॉपीराइटच मिळत नसे. डिकन्सची कादंबरी तिथले प्रकाशक लेखकाला काही न देता छापू शकत. मग घरच्या नवख्या लेखकाला पैसे मोजून त्याची कादंबरी कोण काढणार? मासिकांना मात्र सतत मजकूर लागे, आणि एका अंकात संपणारी कथा त्यांच्या सोयीची. पो आणि हॉथॉर्न हे अमेरिकन कथाकार याच मासिकांतून लिहीत राहिले.

१८४२ मध्ये पोने 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये हॉथॉर्नच्या कथासंग्रहाचं परीक्षण लिहिलं. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, पहिल्या वाक्यापासून सगळं एकाच परिणामाकडे जावं, हा त्याचा आग्रह. कथेचा अभ्यास करणाऱ्याला आजही या परीक्षणापाशी यावंच लागतं. हाच विचार पुढे नेत १९०१ मध्ये ब्रँडर मॅथ्यूज या प्राध्यापकांनी लघुकथेवर स्वतंत्र पुस्तक काढलं.

कायदा आणि मासिकांसारखाच संपादकाचाही कथेच्या घडणीत हात असतो. विसाव्या शतकातला अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचंच पाहा! त्याच्या १९८१ च्या संग्रहात संपादक गॉर्डन लिशने जवळपास निम्मा मजकूर कापला. मूळ रूपातला संग्रह २००९ मध्ये 'बिगिनर्स' नावाने आला. मला तरी कार्व्हरचं न कापलेलं लेखन अधिक माणुसकीचं वाटतं.

त्याच्या 'द बाथ' आणि 'अ स्मॉल, गुड थिंग' या कथा लागोपाठ वाचा. प्रसंग एकच आहे; पहिली कापलेली, दुसरी न कापलेली. कोणती आवडली, जरूर कळवा.