सही करण्यापूर्वी...
भगिनींनो, पूर्वजांची पापं फेडायच्या नावाखाली जपानमध्ये युनिफिकेशन चर्चच्या मंडळींनी फुलदाण्या नि शिक्के अवाच्या सवा किमतीला विकले. देणग्यांपायी कित्येक संसार बुडाले. एका आजीबाईंनी तर १० कोटी येनांहून अधिक रक्कम दिली. वर २०१५ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, ‘पैसे परत मागणार नाही’ असा कागदही त्यांच्याकडून लिहून घेतला! पुढं सहाएक महिन्यांत त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. त्या गेल्यावरही लेकीनं खटला सोडला नाही. आणि ११ जुलै २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कागद रद्दबातल ठरवला.

दानधर्म जरूर करावा. पण घरात सांगून, पावती घेऊन. आणि दानाला करारनामा लागत असेल, तर आधी पदर खोचून चार प्रश्न विचारा!