मोतीची दाढ

तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी कुत्रा आहे? आणि मांजर? छान! आता खरं सांगा, त्याच्या तोंडात दात किती आहेत, हे कधी पाहिलंय का?

मीही पाहिले नव्हते. एकदा आमच्या मोतीच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. "गांधीलमाशी चावली असेल," आजी म्हणाली. आम्ही हळदीचा लेप लावला. चार दिवसांत सूज उतरली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, आणि या वेळी तिच्यातून पू वाहू लागला. तेव्हा कुठे आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गाठीकडे नुसती एक नजर टाकली, मग मोतीचा वरचा ओठ अलगद उचलला आणि म्हणाले, "हे बघा."

वरच्या जबड्यातली सगळ्यांत मोठी दाढ तुटलेली होती.

"हाडं चावतो का हा?"

"हाडंच काय, दगडसुद्धा चावतो!" मी मोठ्या ऐटीत सांगितले. डॉक्टर हसले नाहीत.

कुत्र्याच्या या दाढेला तीन मुळे असतात आणि ती थेट डोळ्याखालच्या भागापर्यंत गेलेली असतात. दाढ तुटली की त्या वाटेने जंतू आत शिरतात, मुळाशी पू साठतो आणि शेवटी डोळ्याखालून वाट काढून बाहेर येतो. दुखणे दाढेचे, आणि आम्ही हळद लावत होतो गालाला! मोतीला भूल देऊन ती दाढ काढावी लागली.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. कित्येक दिवस तो भाकरी एकाच बाजूने चावत होता. तोंडाला घाण वास येत होता. पण कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असे आम्ही धरून चाललो होतो. तसं नसतं बरं का! सारखी दुर्गंधी येत असेल, तर बहुधा हिरड्या किंवा दात बिघडलेले असतात. आणि दात ठणकत असला तरी कुत्री-मांजरे खात राहतात. त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. गंमत बघा, बैल विकत घेताना आपले शेतकरी आधी त्याचे तोंड उघडतात. दोन दाती की चार दाती, यावरून त्याचे वय ठरते. घरच्या कुत्र्याचे तोंड मात्र कुणी उघडून बघत नाही!

तुमचे दुधाचे दात २०, तर पिल्लाचे २८. चार ते सहा महिन्यांचे होईपर्यंत ते पडतात आणि मोठ्या कुत्र्याला ४२ दात येतात. मांजराला ३०. माणसाचे दात किडतात, तसे कुत्र्याचे फारसे किडत नाहीत. त्याचा खरा शत्रू म्हणजे दातांवरचा चिकट थर. त्यात जंतू असतात. तो पुसला नाही, तर थोड्याच दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे त्याचा पिवळा-तपकिरी दगड होतो. मग हिरड्या लाल होतात, सुजतात, सुटू लागतात आणि चांगला धडधाकट दात हलायला लागतो. हा दगड झाला, की घासून निघत नाही. तो डॉक्टरांनीच काढायचा.

म्हणून तो व्हायच्या आधीच दात घासायचे. पण आज ब्रश आणला आणि खुपसला तोंडात, असं नको हं! पहिले काही दिवस फक्त ओठ उचला, शाबासकी द्या, सोडून द्या. मग बोटाला ओले मऊ फडके गुंडाळून दातांवरून फिरवा. त्यानंतर लहान मऊ ब्रश. बाहेरच्या, म्हणजे गालाकडच्या बाजूवर जास्त लक्ष द्या, कारण दगड तिथेच जास्त साठतो. रोज जमले तर उत्तम. तुमची टूथपेस्ट मात्र मुळीच वापरू नका. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळणार. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर कुत्र्याला विषच. जनावरांची पेस्ट वेगळी मिळते. ती नसेल तर नुसते पाणी चालेल.

आईबाबांनो, हे काम मुलांना एकट्याने करू देऊ नका. दात दुखत असेल, तर गरीब कुत्राही चावतो. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याच्या तोंडाशी हात नेणे तर अजिबात नको. घरच्या कुत्र्याला शिजवलेली हाडेही घालू नका. त्यांचे टोकदार तुकडे होऊन ते घशात-पोटात टोचतात.

ससा असेल, तर गोष्ट निराळी. त्याचे दात जन्मभर वाढतच राहतात. ते झिजायला भरपूर गवत हवे. नुसत्या गाजरावर भागत नाही. त्याने खाणे सोडले, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मोतीच्या तोंडात आता ४१ दात आहेत. परवा मुद्दाम पाहिले, तो भाकरी दोन्ही बाजूंनी चावत होता. अंगणातले दगड आम्ही वेचून कुंपणाबाहेर टाकले आहेत. त्यातले दोन त्याने परत आणले, ती गोष्ट वेगळी!