मनोवैद्यास तत्त्वज्ञानाचा उपयोग

वैद्यक आणि तत्त्वज्ञान ह्या परस्परांपासून फार दूरच्या विद्या आहेत, असा समज सुशिक्षित कुटुंबांतूनहि आढळतो. वैद्यानें नाडी पाहून औषध द्यावें, तत्त्वज्ञानें जीव, जगत् आणि ब्रह्म ह्यांचा ऊहापोह करावा. एकाची जागा रोग्याच्या अंथरुणापाशीं, दुसऱ्याची पोथीपाशीं! शरीराच्या रोगापुरती ही वांटणी चालून जाते. परंतु रोग मनास जडला म्हणजे रोगी वैद्यापुढें जें मांडतो तें केवळ लक्षण नसतें. तें बहुधा एक मतहि असतें. "माझ्या जगण्यांत कांहीं अर्थ उरला नाहीं", "मी कोणाच्याच उपयोगाचा नाहीं", "हें माझ्याच वांट्यास कां आलें?" हे उद्गार आजाराचीं चिन्हें असतील, पण त्याचबरोबर ते जीवनाचा हेतु, मनुष्याचें मोल व दुःखाचें कारण ह्यांविषयींचे सिद्धान्त आहेत. सिद्धान्ताची परीक्षा कशी करावी हें शिकविणारी विद्या मनोवैद्याच्या कितपत कामीं येईल, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार आमच्या वऱ्हाडास अगदींच नवा नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील माधानचे प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि तान्हेपणींच गेली, आणि आयुष्य लाभलें अवघें चौतीस वर्षांचें. तेवढ्या अवधींत त्यांनीं जी विपुल ग्रंथरचना केली, तींत 'मानसायुर्वेद' ह्या नांवाचा एक ग्रंथ आहे. मन आणि आयुर्वेद हीं दोन पदें एका नांवांत सांधण्याची आवश्यकता एका वेदान्त्यास वाटली, एवढेंच येथें लक्षांत घेतलें तरी पुरे.

त्याहून पुष्कळ मागें गेल्यास चरकसंहिता आहे. तींत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिला मंत्र, जप, उपवास इत्यादींचा. दुसरा आहार व औषधें ह्यांच्या योजनेचा. आणि तिसरा, अहितकारक विषयांपासून मनास आवरून धरण्याचा. रोगाच्या कारणांत चरकानें प्रज्ञापराधास मोठें स्थान दिलें आहे. बुद्धि, धृति आणि स्मृति हीं भ्रष्ट झालीं म्हणजे मनुष्याकडून जें विपरीत आचरण घडतें, तो प्रज्ञापराध. मनाच्या उपचारांत ज्ञान, धैर्य व स्मृति ह्यांचा निर्देश वैद्यानेंच केलेला असल्यामुळें, वैद्यक व दर्शन ह्यांच्यामधली भिंत प्राचीनांनीं एवढी उंच बांधलेली नव्हती, हें उघड होतें. तथापि तिसरा प्रकार सांगतांना चरकानें दुसरा टाकून दिलेला नाहीं, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पाश्चात्त्य देशांतहि हीच सोयरीक निराळ्या मार्गानें जुळून आली. एपिक्टेटस हा जन्माचा दास, पुढें स्टोइक पंथाचा थोर आचार्य झाला. मनुष्यास व्याकुळ करतें तें घडलेल्या गोष्टीपेक्षां त्या गोष्टीविषयींचें त्याचें मत, हा त्याच्या शिकवणीचा गाभा होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनीं १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धति उभी केली, तिचें मूळ त्यांनीं स्वतःच ह्या विचारांत दाखविलें. व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रॅंकल (१९०५–१९९७) नाझींच्या छळछावण्यांतून वांचून आले, आणि जगण्यांतील अर्थाचा शोध हाच त्यांनीं आपल्या चिकित्सेचा पाया केला. एलिस यांचा विचार महाराष्ट्रांत रुजविण्याचें मोठें श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांस आहे; त्यांचा व एलिस यांचा अनेक वर्षें पत्रव्यवहार होता. ह्या पद्धतीस मराठींत 'विवेकनिष्ठ' हें विशेषण लाभलें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. नित्य कोणतें व अनित्य कोणतें ह्याचा विवेक हें वेदान्तांत साधनांपैकीं पहिलें साधन आहे. एलिस ज्यास विवेक म्हणतात तो हाच नव्हे; त्यांस मोक्षाशीं कर्तव्य नव्हतें. पण मिसळलेल्या दोन वस्तु वेगळ्या करून पाहणें ही क्रिया दोहोंकडे एकच आहे.

ही वेगळी करण्याची क्रिया प्रत्यक्षांत कशी चालते? येथें आमच्या न्यायशास्त्राइतकें उपयोगी शास्त्र क्वचितच सांपडेल. तर्काच्या प्राथमिक पाठांत एक उदाहरण असतें. धूर दिसला तर अग्नि आहे असें अनुमान करणें बरोबर. पण अग्नि दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणणें चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळें. ह्या ओल्या सरपणासारख्या, अनुमानांत लपून राहिलेल्या अटीस नैयायिक 'उपाधि' म्हणतात.

आतां अकोल्याकडील एखाद्या कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्याची कल्पना करावी. कर्ज फिटलें नाहीं, तो रात्र रात्र जागतो आणि म्हणतो, "मी कर्जबाजारी झालों, म्हणून मी नालायक." हें एक अनुमानच आहे, आणि त्यांतील हेतु सव्यभिचार आहे, कारण कर्ज असून नालायकी नाहीं अशीं माणसें त्याच्याच गांवांत आहेत. येथील ओलें सरपण कोणतें? वेळेवर न आलेला पाऊस, पडलेला भाव, २०१७ सालीं विदर्भांत कपाशीवर कोसळलेल्या गुलाबी बोंडअळीसारखें संकट! न्याय जाणणारा मनोवैद्य त्यास "तुम्ही नालायक नाहीं" असें नुसतें सांगणार नाहीं, कारण तें सांत्वन तो मानीत नाहीं. तो विचारील, "भाऊ, तुमच्या गांवांत असा कोणी आहे का, कीं ज्याच्यावर कर्ज आहे, पण ज्याला तुम्ही नालायक म्हणणार नाहीं?" ह्या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्यानें स्वतः दिलें म्हणजे खोट्या व्याप्तीची गांठ त्याच्याच हातानें सुटूं लागते.

न्यायशास्त्रानें संभाषणाचे जे तीन प्रकार केले आहेत तेहि येथें फार उपयोगी आहेत. सत्य कळावें म्हणून चालतो तो वाद, जिंकावें म्हणून चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खंडन करणें ही वितंडा. मनोवैद्याचें रोग्याशीं भाषण वाद असला पाहिजे. ज्या क्षणीं तो रोग्यावर मात करूं पाहील, त्या क्षणीं तो जल्प होईल. आणि जल्पांत हरलेला रोगी घरीं जातांना आपल्या दुःखावर एका पराभवाची भर घालून नेईल.

वेदान्त्यांची दहाव्या पुरुषाची गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. दहा जण पूर आलेली नदी, आपण पूर्णा समजूं, ओलांडून पैलतीरीं आले. सर्व सुखरूप आहेत का हें पाहण्यासाठीं एकानें मोजलें, तों नऊच भरले! प्रत्येकानें मोजून पाहिलें. प्रत्येक जण स्वतःस वगळी. दहावा बुडाला म्हणून सारे ऊर बडवून रडूं लागले. वाटेनें जाणाऱ्या एकानें त्यांस ओळीनें उभें करून मोजलें आणि अखेरच्यास सांगितलें, "दहावा तूंच आहेस."

ह्या गोष्टींत मनोवैद्यास घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, हानि खोटी असली तरी रडणें खरें होतें. वाटसरूनें त्यांची थट्टा केली नाहीं. दुसरी ही कीं, चूक मोजण्याची असूनहि ती मोजणाऱ्यास एकट्यानें सुधारतां आली नाहीं. बाहेरचा कोणी लागला. "स्वतःच्या मनास स्वतःच समजवावें, वैद्य कशास?" असें विचारणाऱ्यांस हें उत्तर पुरेसें आहे.

परंतु दहावा खरोखरच बुडाला असेल तर? आम्हांस ह्या गोष्टीपुढील खरा प्रश्न हाच वाटतो. पीक खरोखर बुडतें, तरणा मुलगा खरोखर जातो, देणें खरोखर उभें असतें. तेथें "तुझें मोजणें चुकलें" असें सांगणें हें असत्य होय आणि क्रौर्यहि होय. अशा ठिकाणीं तत्त्वज्ञानाचें कार्य बदलतें. जें आपल्या हातीं आहे व जें नाहीं त्याची वांटणी करणें, आणि जें टळणार नाहीं तें सोसूनहि कोणतें कर्तव्य उरतें तें शोधणें, हें तें दुसरें कार्य. ह्या दोन प्रकारच्या दुःखांतील भेद ओळखणें, हेंच मनोवैद्याच्या विवेकाचें पहिलें लक्षण आम्ही समजतों.

आमच्याच जिल्ह्यांतील एक अलीकडील प्रयोग ह्या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. अमरावती जिल्ह्यांतील तीस खेड्यांत 'विश्राम' ह्या नांवाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम चालविण्यांत आला. गांवपातळीवरील कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. २०१७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषादाचा आजार असलेल्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ४.३ लोक उपचारासाठीं कोणाकडे तरी जात. दीड वर्षानें हें प्रमाण शेंकडा २७.२ झालें. ह्यांत बरेंचसें काम मोठ्या पदव्या नसलेल्या, पण ऐकून घेण्याची रीत शिकलेल्या माणसांनीं केलें. दारीं येऊन कोणी नीट ऐकून घेतलें, तर आमचा वऱ्हाडी माणूस मन मोकळें करतो, हें ह्यावरून दिसतें.

आतां एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण तो आम्हां पोथी वाचणाऱ्यांच्या घरांतूनच अधिक संभवतो. सून चार महिने उदास आहे, जेवत नाहीं, तान्ह्या मुलाकडेहि पाहत नाहीं. आणि घरांतील वडील मंडळी तिला "जग मिथ्या आहे" असें सांगतात! मुलाचें परीक्षेंत मन लागत नाहीं, तो दार लावून बसतो. त्यास कर्मयोगावर व्याख्यान मिळतें. हा तत्त्वज्ञानाचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. आमच्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अधिकारी, विषय, संबंध व प्रयोजन ह्या चार गोष्टी सांगण्याची रीत आहे. त्यांत अधिकारी पहिला. ऐकणारा कोण व त्याची आजची शक्ति किती, हें न पाहतां सांगितलेला उत्तमोत्तम सिद्धान्तहि ओझेंच होतो. नववधूस अरुंधती दाखवितांना आधीं जवळचा ठळक तारा दाखवितात, मग सूक्ष्म. त्याच न्यायानें विषादग्रस्तास प्रथम झोंप, अन्न, औषध आणि सोबत. जीवनाच्या अर्थाची चर्चा मागाहून. गीतेंतहि उपदेश सुरू होण्यापूर्वीं एक संपूर्ण अध्याय अर्जुनाच्या विषादास दिलेला आहे, हें आम्ही नित्य पठण करणारे सोयीस्करपणें विसरतों.

शेवटीं स्वतः मनोवैद्याविषयीं. दिवसभर परक्याचें दुःख ऐकणाऱ्यास आपलें मन कसें राखावें हा प्रश्न असतो. पतंजलीनें चित्तप्रसादासाठीं चार भावना सांगितल्या आहेत: सुखी जनांविषयीं मैत्री, दुःखितांविषयीं करुणा, पुण्यवंतांविषयीं मुदिता आणि अपुण्याविषयीं उपेक्षा. करुणा नसेल तर तो वैद्यच नव्हे. पण केवळ करुणाच असेल तर तो स्वतःच लवकर थकेल. रोगी बरा झाल्याचा निर्मळ आनंद मानणें, आणि जो ऐकत नाहीं त्याच्यावर न चिडणें, ह्या दोन गोष्टी कोणत्याहि औषधकोशांत मिळावयाच्या नाहींत. त्या दर्शनांतूनच घ्यावयाच्या.

वाचकांपैकीं मनोवैद्य थोडेच असतील. घरांत एखादें मन झुरत असलेले मात्र पुष्कळ असतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच: मनोवैद्याकडे जाणें ही कुळाची अप्रतिष्ठा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आत्मघाताचा प्रयत्न करणाऱ्याकडे अपराधी म्हणून न पाहतां, तीव्र ताणानें ग्रासलेला मनुष्य म्हणून पाहण्याचें धोरण स्वीकारलें आहे. २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनि-सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. कायदा जें शिकला तें घरानें शिकण्यास उशीर कां करावा? पोथी आपल्या ठिकाणीं आहेच. आधीं शेजारीं बसून ऐकून घ्यावें, वैद्यास दाखवावें. आणि तो मनुष्य पुन्हां विचारूं लागला, म्हणजे मग हवी तर पोथी उघडावी.