'मले'चं 'मला' झालं तेव्हा

आमच्या अकोल्याच्या घरी माळ्यावर एक लोखंडी कॅलिपर आहे. चामड्याचे पट्टे वाळून कडक झालेत, खालचा बूट जेमतेम माझ्या तळहाताएवढा. दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीहून घरी गेले, साफसफाईत ते हाती लागलं आणि मी सहज विचारलं, "आबाजी, हे फेकायचं का?" माझे आजोबा तसे गप्पिष्ट. पण त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग जे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत.

साल १९५५. आबाजी सहा वर्षांचे. ताप आला, उतरला, आणि डावा पाय उचलेचना. पोलिओ. अमेरिकेत साल्कच्या लसीला त्याच वर्षी मंजुरी मिळाली होती, पण ती वऱ्हाडातल्या खेड्यात कुठून येणार? पणजोबांना कुणीतरी सांगितलं, मुंबईत फक्त लेकरांचे दवाखाने असतात. तेही मोजकेच. परळचं वाडिया १९२९ पासूनचं. फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर १९४७ मध्ये क्लिनिक काढलं, त्यातून पुढे हाजी अलीचं मुलांचं हॉस्पिटल उभं राहिलं. आबाजींना रात्रीच्या मेलने मुंबईला नेलं. कोणत्या दवाखान्यात, ते लिहीत नाही. तिथे गेल्यावर कळलं की आईला सोबत थांबता येणार नाही.

"मले वाटलं, माय पानी आनाले गेली," आबाजी म्हणाले. ते पाणी सात महिन्यांनी आलं.

तिथला दिवस त्यांना अजून पाठ आहे. अंधारातच थर्मामीटर. मग दूध-पाव. (भाकरीसाठी पहिला आठवडा रडले म्हणे.) मग डॉक्टरांचा राउंड, त्याआधी चादर इतकी ताणून खोचायची की पोरांना हलता येऊ नये. दुपारी पायाला मालीश, नंतर दोन दांड्यांना धरून चालायचं. पावलं मोजायची. बाजूच्या खाटेवरच्या गुजराती पोराशी पैज लागायची. आकडे दोघांचे वेगळे, पण हरलं कोण ते बरोबर कळायचं.

रविवारी भेटीची वेळ. मुंबईच्या पोरांचे आईबाप यायचे. बाहेरगावची पोरं भिंतीकडे तोंड करून झोपायची. अकोल्याहून पोस्टकार्ड यायचं, ते वॉर्डातली आया वाचून दाखवायची. "मले भूक लागली" म्हटलं की सगळे हसायचे, म्हणून आबाजी 'मला' म्हणायला शिकले.

मला राग आला होता. पण वाचत गेले तसं कळलं, तेव्हा जगभर हेच चालायचं. एक तर संसर्गाची भीती. दुसरं म्हणजे, आई भेटून गेली की मूल जास्त रडतं, ती आली नाही तर 'शांत' राहतं, असा समज. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दवाखान्यात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या लॉराची फिल्म दाखवली. ती शांतता म्हणजे बरं वाटणं नव्हे, मूल आतून मिटतंय, हे त्यात दिसत होतं. अनेक डॉक्टर चिडले. १९५९ च्या प्लॅट अहवालाने मात्र आईबापांना मुलांना भेटू द्या असंच सांगितलं.

आबाजी खटखट कॅलिपर वाजवत, स्वतःच्या पायांनी घरी आले. गाव बघायला जमलं. पणजीने जवळ घेतलं तर अंग चोरलं. रात्री झोपेत घाबरून हाक मारली ती "सिस्टर!" अशी. सकाळी म्हणाले, "मला दूध पाहिजे." पणजी चुलीपुढे बसून रडली, "माह्यं पोट्टं परकं झालं वं."

"पुन्हा 'मले' कधी म्हणायला लागलात?"

"दोन-तीन मैने लागले असन," आबाजी हसले. "पोट्टे चिडवत ना, मुंबईचा साहेब आला म्हनून."

गेल्या पावसाळ्यात माझ्या लहान भावाला डेंग्यू झाला, तेव्हा वॉर्डात एकच नातेवाईक थांबेल असं सांगितलं. आई थांबली. आबाजींना घरी जा म्हटलं, तर त्यांनी बाहेरचा बाक ओढून दाराच्या काचेसमोर लावला. तो आजारी पाय लांब करून रात्रभर तिथेच बसले. भावाने मान वळवली की दिसतील, असे.