मेला हे ठरवायचे कुणी?

रॉजर कॉर्मनचा ‘द प्रीमॅच्युअर बरिअल’ १९६२ साली प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून त्याच्यावर दोन शिक्के बसले आहेत. एडगर ॲलन पोच्या नावावर कॉर्मनने काढलेल्या आठ चित्रपटांपैकी व्हिन्सेंट प्राइस नसलेला हा एकमेव, म्हणून तो मालिकेत सावत्र ठरला. शिवाय मूळ कथेशी त्याने इमान राखले नाही, ही तक्रार आहेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ज्याला बेइमानी म्हटले जाते, तीच या चित्रपटाची खरी कमाई आहे असे मला वाटते. जिवंतपणी पुरले जाण्याच्या भीतीचा इतिहास नीट पाहिला, तर अंधार, कोंडमारा आणि माती यांच्याही खाली एक व्यावहारिक प्रश्न सापडतो : माणूस मेला हे ठरवायचे कुणी, आणि त्या ठरवणाऱ्यावर भरवसा का ठेवायचा? पोने हा प्रश्न अखेर हसण्यावारी नेला. कॉर्मनने आणि त्याच्या पटकथाकारांनी, चार्ल्स बोमाँट व रे रसेल यांनी, तो नेला नाही.

पोची कथा १८४४ साली फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात छापून आली. तिचा पहिला अर्धा भाग एखाद्या वार्तापत्रासारखा आहे. अमक्या गावची अमकी स्त्री पुरली गेली आणि नंतर काय उघडकीस आले, अशा हकिकती एकामागून एक येतात. मग निवेदक आपल्या दुखण्याकडे वळतो. त्याला कॅटालेप्सी आहे, म्हणजे अंग ताठरून श्वास आणि नाडी जाणवेनाशी होणारा झटका. झटक्यात आपल्याला कुणी पुरून टाकेल या धास्तीने तो घराण्याच्या तळघरातली कबर आतून उघडेल अशी करून घेतो. पुढे एकदा त्याला अंधारात, चहूबाजूंनी लाकडाने वेढलेल्या जागेत जाग येते. तो किंचाळतो, आणि कळते की हा एका लहान जहाजावरचा झोपायचा फळकुटांचा खण आहे. त्या धक्क्याने भीतीही जाते आणि दुखणेही. पोचा निष्कर्ष सरळ आहे : दोष कल्पनाशक्तीचा होता. कथेत कुणी कुणाचा विश्वासघात करत नाही. निवेदक फसतो तो स्वतःच्याच डोक्याकडून.

पण पोच्या वाचकांची भीती केवळ डोक्यातली नव्हती. पॅरिसचा शरीररचनातज्ज्ञ विन्स्लो याने १७४० च्या सुमारास सांगून टाकले होते की मृत्यूची बिनचूक खूण एकच, प्रेत कुजू लागणे. याचा दुसरा अर्थ असा की डॉक्टरच्या शब्दावर जाऊ नका, वाट पाहा. त्यातूनच जर्मनीत ‘प्रेतगृहे’ निघाली. हुफेलांड या डॉक्टरच्या प्रयत्नांतून वायमारमध्ये १७९० च्या दशकात असे एक घर उभे राहिले. म्युनिकच्या प्रेतगृहात मृतांच्या बोटांना दोरी बांधून ती पहारेकऱ्याच्या खोलीतल्या घंटेला जोडत. मार्क ट्वेनने १८८३ च्या एका पुस्तकात त्याचे वर्णन करून ठेवले आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९९ मध्ये मरताना बजावले की तीन दिवस उलटेपर्यंत मला थडग्यात ठेवू नका. आल्फ्रेड नोबेलने १८९५ च्या मृत्युपत्रात आपल्या शिरा कापून खात्री करून घ्यावी आणि मगच दहन करावे असे लिहिले. ही माणसे भोळसट नव्हती. आपण बोलू शकणार नाही अशा वेळी आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांना त्यांनी आधीच कामाला लावून ठेवले होते.

कॉर्मनच्या नायकाची, गाय कॅरेलची, धडपड याच जातीची आहे. आपल्या वडिलांना जिवंतच पुरले गेले आणि थडग्यातून त्यांचा आक्रोश आपण ऐकला, असे त्याच्या मनाने घेतले आहे. लग्नानंतर तो एक कबरघर बांधतो आणि पत्नी एमिली व डॉक्टर मित्र माइल्स यांना ते हौसेने दाखवतो. चित्रपटातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. शवपेटी आतून उघडते. बाहेर पडायला दोरीची शिडी आहे, भिंत फोडायला सुरुंगाची दारू आहे, आणि सगळेच फसले तर विषाचा प्याला. यादी ध्यानात घेतली की दिसते, की प्रत्येक उपकरण एकेका माणसाची जागा घेते : झाकण उघडणाऱ्याची, हात देणाऱ्याची, बाहेरून भिंत पाडणाऱ्याची. विष तर सुटकेची आशाच काढून घेते. ही भुताखेतांची भीती नाही, माणसांवरचा अविश्वास आहे. म्हणून पुढचे दुःस्वप्न अचूक बसते. त्यात ही साधने दगा देतात आणि अखेरच्या प्याल्यात किडे वळवळत असतात.

इथे रे मिलँडची निवडही फळाला आली. कॉर्मनला हा चित्रपट एआयपी या आपल्या नेहमीच्या कंपनीबाहेर करायचा होता आणि प्राइस त्या कंपनीशी करारबद्ध होता, म्हणून ‘द लॉस्ट वीकेंड’साठी ऑस्कर मिळवलेला मिलँड आला. शेवटी एआयपीनेच चित्रपट विकत घेतला, ही गोष्ट वेगळी. प्राइस असता तर ही भीती शापित घराण्याचा वारसा होऊन बसली असती. मिलँड कबरघर दाखवतो ते विमा उतरवलेल्या माणसाच्या समाधानाने. त्या कोरडेपणामुळेच त्याचा युक्तिवाद वेडसर वाटत नाही.

आक्षेप असा येईल की शेवटी हे सगळे नेहमीचेच कारस्थान निघते. एमिलीनेच नवऱ्याची भीती चाळवून त्याला झटक्यापर्यंत ढकललेले असते. डॉक्टर त्याला मृत ठरवतात, पुरतात, आणि तो थडग्यातून सुटून सूड घेतो. बायकोने नवऱ्याला वेडाच्या काठावर नेण्याची क्लृप्ती कॉर्मनच्याच १९६१ च्या ‘द पिट अँड द पेंड्युलम’मध्ये येऊन गेली होती. हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. शेवटचा उलगडा घाईचा आहे आणि एमिली ही दुष्ट सुंदरीच्या साच्यातून काढलेली आहे. पण गायला थडग्यातून बाहेर काढणारे कोण, ते पाहा : प्रेते उकरून विकणारे दोन चोर. आणि प्रेत हवे असते एमिलीच्या वडिलांना, डॉक्टर गॉल्टना. म्हणजे ज्या वैद्यकाकडे मृत्यू ठरवण्याचा अधिकार आहे, त्यालाच मृतदेहाची गरज आहे. ही कल्पना पटकथाकारांनी हवेतून आणलेली नाही. एडिंबरोत बर्क आणि हेअर यांनी १८२८ पर्यंत सोळा खून करून प्रेते शरीररचनेच्या शिक्षकाला विकली आणि १८३२ साली ब्रिटनला त्याविषयी कायदा करावा लागला. चित्रपट सुरू होतो तोच मुळी उकरलेल्या थडग्यापाशी, शवपेटीच्या झाकणाला आतून रक्ताचे ओरखडे असतात तिथे. थडगे खोदणाऱ्याने शिट्टीवर वाजवलेली ‘मॉली मलोन’ची चाल पुढे एमिली पियानोवर वाजवते आणि गाय कोसळतो. घर आणि थडगे एकाच सुराने जोडणारी ही योजना कारस्थानाच्या कितीतरी आधी आपला संशय जागा करते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जिवंत पुरल्याच्या खात्रीच्या घटना फारच थोड्या; बहुतेक ‘ओरखडे’ कुजण्याच्या प्रक्रियेने समजावता येतात, आणि घंटेच्या दोऱ्याही फुगणाऱ्या प्रेतांमुळेच हलत. मग चित्रपट अफवेलाच खतपाणी घालतो का? भीतीचे आकडे फुगवलेले होते हे निर्विवाद. पण तिचा परिणाम खरा होता. स्टेथोस्कोप १८१६ मध्ये आला आणि १८४० च्या दशकात बुशू या फ्रेंच डॉक्टरने हृदयाचे ठोके बंद पडल्याची खात्री स्टेथोस्कोपने करता येते असे प्रतिपादले. त्यामागे या घबराटीचाच रेटा होता, कारण मृत्यूची खूण शोधण्यासाठी पॅरिसमध्ये पारितोषिकच लावले गेले होते. वादात हिंदुस्थानचा पुरावाही ओढला गेला. रणजितसिंहाच्या लाहोर दरबारात पुरून घेतलेल्या फकिराची हकिकत जेम्स ब्रेड याने १८५० च्या आपल्या पुस्तकात चर्चेला घेतली. निराधार भीतीनेही वैद्यकाला खुणा नेमक्या करायला लावले.

जिथे बहुतेकांचे दहन होते, तिथे या चित्रपटाचे काय, असे मराठी वाचक विचारू शकतो. पण थडगे हे इथे निमित्त आहे. श्वसनयंत्र आल्यावर ‘ठोके थांबले’ ही खूणही अपुरी ठरली आणि १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो सुरुवातीला लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांना. त्यानुसार अवयव काढण्याआधी मेंदूच्या मृत्यूचा दाखला चार डॉक्टरांच्या मंडळाने द्यायचा असतो, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातल्या कुणालाही त्या मंडळात बसता येत नाही. ज्याला देहाची गरज आहे त्याने मृत्यू ठरवू नये, हे तत्त्व गाय कॅरेलच्या कबरघरात नव्हते. सगळी व्यवस्था त्याने स्वतःवर सोडली आणि माणसांवर देखरेख ठेवणारा नियम मात्र केला नाही. त्यामुळे ‘द प्रीमॅच्युअर बरिअल’ हा मालिकेतला दुय्यम चित्रपट आहे, हा निवाडा शेवटाच्या मांडणीपुरता मान्य करावा. विचारापुरता तो पोच्या कथेच्या एक पाऊल पुढेच आहे.