एकच औषध, निरनिराळी शरीरे

हिवतापाच्या 'व्हायव्हॅक्स' प्रकारातील जंतू यकृतात दडून राहतात व ताप पुन्हा उलटतो. त्यांचा नायनाट करण्यासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या साधारणतः १४ दिवस दिल्या जातात. बहुसंख्य रुग्णांना त्या मानवतात. काहींच्या तांबड्या रक्तपेशी मात्र त्यामुळे फुटू लागतात. याचा उलगडा १९५६ साली शिकागो येथील संशोधकांनी केला. अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशींत 'जी-६-पी-डी' हे संरक्षक विकर कमी असते. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीनही त्यांना अपायकारक ठरते.

हा दोष आनुवंशिक आहे. संबंधित जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. पुरुषांत हे गुणसूत्र एकच असल्याने त्यांच्यात दोष अधिक आढळतो. रक्ताच्या थेंबावरून विकराची तपासणी करता येते. परंतु पेशी नुकत्याच फुटल्या असल्यास नव्या पेशींतील विकरामुळे ही तपासणी फसवी ठरू शकते. जनुक तपासणीस ही अडचण येत नाही. कारण जनुक जन्मभर तेच राहते.

गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात ही माहिती घरोघरी पोहोचणे अगत्याचे आहे. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळ्या थांबवून रुग्णास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. दोष आढळलेल्या व्यक्तीने तशी नोंद जवळ बाळगावी व प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. इतरांनी मात्र भीतीपोटी औषधाचा क्रम अर्धवट सोडू नये. कारण यकृतात दडलेला जंतू पुन्हा डोके वर काढतो.