मैदानाचे कोपरे कुठे गेले?

फुटबॉलच्या मैदानाला कोपरे किती? चार, असं तुम्ही न मोजताच सांगाल. कॉर्नर किक मारायची तर कोपरा हवाच की!

पण एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या आसपास, शनिवारी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या एखाद्या उपनगरात डोकावून बघा. तिथल्या फुटबॉलच्या मैदानाला एकही कोपरा नाही. चेंडू गोल नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे आहेत आणि जाळीचा पत्ताच नाही. अठरा-अठरा जणांचे दोन संघ चेंडू हातात घेऊन पळतायत, पायाने उडवतायत, उंच उड्या मारून झेलतायत. मैदानाच्या शेजारीच एक छोटं कोर्ट आहे. तिथे अंगावर मोठी इंग्रजी अक्षरं लावलेल्या मुली नेटबॉल खेळतायत. यजमानांच्या कपड्यांचा रंग मात्र दोन्हीकडे एकच, कारण क्लब एकच!

या खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल. तिकडे लाडाने त्याला ‘फूटी’ म्हणतात. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात असे फुटबॉल-नेटबॉल क्लब गावोगावी आणि उपनगरांत आहेत. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. तिथे जे जे विचित्र दिसतं त्याला ‘असं का?’ म्हणून विचारलं, की त्यातून जुनी हकिकत बाहेर येतेच. चला, विचारत जाऊ.

पहिला प्रश्न, कोपरे कुठे गेले?

कोपरे क्रिकेटमुळे गेले. टॉम विल्स नावाचा मेलबर्नचा एक नामांकित क्रिकेटपटू होता. १० जुलै १८५८ रोजी त्याचं एक पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. क्रिकेटपटू हिवाळाभर नुसते बसून राहिले तर त्यांची अंगं जड होतील, तेव्हा फुटबॉलचा एक क्लब काढा, असं त्याने सुचवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन शाळांचा सामना सुरू झाला. एका बाजूला किती मुलं असावीत? चाळीस! सामना तीन वेगवेगळ्या दिवशी खेळला गेला आणि शेवटी दोघांचा एकेक गोल होऊन बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्न फुटबॉल क्लब निघाला आणि खेळाचे नियम कागदावर उतरले, सगळे मिळून फक्त दहा. विल्सचं लहानपण व्हिक्टोरियातल्या जाब वुरुंग या आदिवासी लोकांच्या मुलांबरोबर खेळण्यात गेलं होतं. तिथले मूळ रहिवासी पोसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू करून मार्नग्रूक हा खेळ खेळत. फूटीमध्ये त्या खेळाचं काही आलंय का, यावर इतिहासकार आजही हिरिरीने वाद घालतात.

सुरुवातीला ही मंडळी बागेत, झाडांच्या मधूनच खेळत. आपलं हिरवळीचं मैदान खराब होईल म्हणून क्रिकेटवाले त्यांना आत घेईनात. पुढे ती भीती मोडली आणि हिवाळ्यात रिकामी पडणारी क्रिकेटची मैदानं फूटीला मिळाली. क्रिकेटचं मैदान अंडाकृती, म्हणून फूटीचंही अंडाकृती. क्रिकेटच्या मैदानांची मापं सारखी नसतात, म्हणून फूटीच्या मैदानालाही एकच ठरलेलं माप नाही. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्यात कुठेही चालते. उपनगरातल्या मैदानाच्या मध्यभागी आजही क्रिकेटचं पिच असतं. ते सिमेंटचं असेल, तर खेळाडूंना लागू नये म्हणून हिवाळ्यात ते झाकून ठेवतात.

आता चेंडू. अगदी सुरुवातीला गोल चेंडूही वापरले जात. मग रग्बीसारखे लांबट चेंडू आले. १८८० च्या सुमारास टी. डब्ल्यू. शेरिन यांनी मेलबर्नच्या कॉलिंगवुड भागात खेळाचं सामान बनवायला सुरुवात केली. त्यांच्या चेंडूची टोकं जरा गोलसर होती. तोच पुढे फूटीचा चेंडू ठरला. कातड्याचे चार तुकडे एकमेकांना शिवायचे आणि एका शिवणीवर लेस ओवायची. वजन साधारण अर्धा किलो. दिवसाच्या सामन्याला लाल आणि रात्रीच्या सामन्याला पिवळा, कारण दिव्यांच्या उजेडात पिवळा चटकन दिसतो.

या चेंडूचा टप्पा म्हणजे पक्का खोडकर! कधी डावीकडे, कधी उजवीकडे, तर कधी थेट मागे. असं का होतं? गोल चेंडू जमिनीवर कसाही पडू दे, तो जिथे टेकतो ती जागा त्याच्या मध्याच्या बरोबर खाली असते. जमीन त्याला वर ढकलते ती सरळ मध्यातूनच. लांबट चेंडूचं तसं नाही. तो तिरका पडला की टेकलेली जागा मध्याच्या एका बाजूला राहते. जमिनीचा धक्का मग मध्यातून न जाता बाजूने बसतो आणि चेंडू वर उडतानाच गरकन फिरतो. पुढच्या वेळी तो वेगळ्याच कोनात टेकतो, त्यामुळे धक्काही वेगळ्याच बाजूला बसतो. पडतानाच्या कोनात थोडासा जरी फरक झाला, तरी पुढची वाट पार बदलते. आणि गंमत म्हणजे नियम असा की चेंडू घेऊन पळणाऱ्याने दर १५ मीटरला त्याचा एक टप्पा टाकलाच पाहिजे, नाहीतर तो जमिनीला टेकवला पाहिजे! मुलं तासन्‌तास सराव करतात. चेंडू किती तिरका धरायचा, किती पुढे टाकायचा, म्हणजे तो पुन्हा हातातच येईल, हे हळूहळू हाताला कळत जातं.

मग असला चेंडू ५० मीटरवरच्या मित्राकडे नेमका पोचवायचा कसा? तिथे फिरकी कामाला येते. चेंडू उभा धरून पायावर सोडायचा आणि खालच्या टोकाला लाथ मारायची. चेंडू टोकावर टोक घेत, उलट्या कोलांट्या खात जातो. या किकला ‘ड्रॉप पंट’ म्हणतात. फिरणारी वस्तू आपला अक्ष सहजी बदलत नाही. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तसंच हे. कोलांट्या एकसारख्या पडत राहतात, चेंडू हवेत भरकटत नाही आणि झेलणाऱ्याला त्याचा अंदाज येतो. १५ मीटर किंवा त्याहून लांबून आलेली किक झेलली की त्याला ‘मार्क’ म्हणतात. मग तुम्हाला कुणी अडवायचं नाही, निवांतपणे किक मारायची.

चार खांबांचं उत्तर सोपं आहे. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू थेट गेला तर गोल, ६ गुण. मधल्या आणि बाजूच्या खांबामधून गेला तर १ गुण. म्हणजे थोडक्यात हुकलं तरी पदरात काहीतरी पडतं! ही पद्धत १८९७ पासूनची. गोल झाला की अंपायर दोन पांढरी निशाणं फडकवतो आणि १ गुण झाला की एक.

आता एका क्लबची हकिकत सांगतो. फिट्झरॉय हे मेलबर्नचं सगळ्यात जुनं उपनगर. तिथे १८८३ साली फिट्झरॉय फुटबॉल क्लब निघाला. ब्रन्सविक स्ट्रीटवर त्यांचं मैदान होतं. तिथला १८८८ सालचा प्रेक्षकांचा सज्जा अजूनही उभा आहे. १८९७ मध्ये आठ क्लबांनी मिळून मोठी लीग सुरू केली, त्यांत फिट्झरॉय होता.

१९१६ साली पहिलं महायुद्ध चालू होतं. लीगमध्ये फक्त चार क्लब उतरले. फिट्झरॉय १२ सामने खेळला. त्यातले २ जिंकला, १ बरोबरीत सुटला आणि ९ हरला. म्हणजे चारांत चौथा, तळाला! पण चारही संघांना बाद फेरीत प्रवेश होता. तिथे फिट्झरॉयने अशी उचल खाल्ली की एकेक सामना जिंकत अंतिम लढतीत कार्लटनला हरवलं. एकाच वर्षी तळाला आणि तोच विजेता!

१९३२ साली डग निकोल्स फिट्झरॉयमध्ये आले. ते योर्टा योर्टा या आदिवासी समाजाचे. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पळायला लागले की कुणाच्या हाती लागायचे नाहीत. आधी ते दुसऱ्या एका मोठ्या क्लबात गेले होते. तिथल्या लोकांनी त्यांच्या वर्णामुळे त्यांना दूर ठेवलं. केवढा हा अन्याय! फिट्झरॉयचा तेव्हाचा सगळ्यात मोठा खेळाडू होता हेडन बंटन. त्याने निकोल्सशी मैत्री केली आणि त्यांना आपलंसं करून घेतलं. पुढे निकोल्स आपल्या समाजाच्या हक्कांसाठी आयुष्यभर झटले. १९७६ मध्ये ते साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचे राज्यपाल झाले. तो मान मिळवणारे ते पहिले आदिवासी. आता दरवर्षी मोठ्या लीगमध्ये त्यांच्या नावाची खास फेरी होते.

१९६६ नंतर मात्र क्लबच्या हातून आपलं मैदान गेलं. आज या मैदानावर, उद्या त्या, असं बिऱ्हाड फिरत राहिलं. कर्ज वाढलं. त्यातलं एक मोठं कर्ज प्रशांत महासागरातल्या नाऊरू या चिमुकल्या देशाकडून घेतलेलं होतं. शेवटी १ सप्टेंबर १९९६ रोजी फिट्झरॉय मोठ्या लीगमधला अखेरचा सामना खेळला. संघ दूरच्या ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. माणसं ढसाढसा रडली.

पण उपनगरातल्या लोकांनी क्लब मिटू दिला नाही. २००९ मध्ये फिट्झरॉय फुटबॉल क्लब पुन्हा मैदानात उतरला, खेळाडूंना एक पैसाही न देणाऱ्या हौशी लीगमध्ये. आणि खेळायचं कुठे? त्याच ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर! मोठ्या लीगमधल्या आठ विजेतेपदांपेक्षा मला हे परत येणं मोठं वाटतं.

मेलबर्नच्या बहुतेक उपनगरी क्लबांत तुम्हाला असेच क्लब जपणारे लोक दिसतील. कुणाची आई घड्याळ सांभाळते आणि वेळ संपली की भोंगा वाजवते. कुणाचे आजोबा बाउंड्रीची पांढरी रेघ आखतात. कॅन्टीनमध्ये पावाच्या स्लाइसमध्ये सॉसेज आणि कांदा घालून देतात. मधल्या सुट्टीत छोट्या खेळाडूंपुढे संत्र्याच्या फोडी येतात.

आणि शेजारच्या कोर्टावर नेटबॉल! त्याची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. बरोबर ३ मीटर का नाही? त्यासाठी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जायला हवं. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीत घरात खेळता येईल असा खेळ शोधला. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा होता १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंच! हाच बास्केटबॉल. काही वर्षांत तो इंग्लंडमधल्या मुलींच्या व्यायाम महाविद्यालयात पोचला. तिथे नियम बदलत बदलत त्याचा नेटबॉल झाला आणि तो ऑस्ट्रेलियात आला. टोपल्या गेल्या, मागे फळी लावायची पद्धत नेटबॉलने घेतली नाही, पण उंची तीच राहिली. तुमच्या शाळेत बास्केटबॉलचा खांब असेल तर सरांना सांगून रिंगची उंची मोजून बघा.

नेटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळायचं नाही, टप्पे टाकत पुढे जायचं नाही आणि तो ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवायचा नाही. अंगावरची अक्षरं सांगतात की कोणी कोर्टाच्या कुठल्या भागात जायचं. सात जणींपैकी रिंगमध्ये चेंडू टाकायची परवानगी फक्त दोघींना!

त्या दोघी चेंडू एवढा उंच का उडवतात? एक बांगडी घ्या. वरून बघा, पूर्ण गोल. हळूहळू डोळ्यांच्या रेषेत आणा. भोक चपटं होत जातं आणि शेवटी नुसती रेघ उरते. चेंडूलाही रिंग अशीच ‘दिसते’. रिंगचा व्यास ३८ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण साडेबावीस. हिशेब केला तर चेंडू सुमारे ३६ अंशांपेक्षा चपट्या कोनात आला की कडेला घासल्याशिवाय आत जाऊच शकत नाही. आपटून आत पाडायला मागे फळीही नाही. म्हणून चेंडू उंच चढवायचा आणि वरून खाली आणायचा.

बरीच वर्षं या क्लबांत मुलगे फूटी खेळायचे आणि मुली नेटबॉल. घरातली सगळी भावंडं शनिवारी एकाच ठिकाणी, म्हणून दोन्ही खेळ एका क्लबात नांदले. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये महिलांची राष्ट्रीय फूटी लीग सुरू झाली. पहिल्या सामन्याला २४,००० हून अधिक लोक लोटले आणि जागा संपली म्हणून फाटकं बंद करावी लागली. उपनगरी क्लबांत फूटी खेळायला मुलींची रीघ लागली. मेलबर्नच्या पश्चिमेला तारनीट आणि पॉइंट कुक या भागांत भारतीय कुटुंबं खूप आहेत, त्यांत मराठीही आहेत. तिथल्या चिमुरड्यांनाही आता दोन्ही खेळ खुले आहेत.

दोन्ही खेळ गाजवायचे म्हणजे किती कठीण, ते शार्नी लेटनला विचारा. ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नेटबॉल संघात समोरच्यांचे गोल अडवायची. गोल चेंडू, हातात फक्त तीन सेकंद, तो घेऊन पळायची बंदी, असा तिचा अख्खा जन्म गेलेला. ते सोडून ती कॉलिंगवुडच्या महिला फूटी संघात आली आणि लांबट चेंडूला लाथ मारायला अगदी पहिल्यापासून शिकली. तिला जागा दिली मैदानाच्या मध्यभागी, जिथे अंपायर चेंडू उंच उडवतो आणि दोन्ही संघांच्या उंच खेळाडू त्याच्यासाठी एकमेकींवर झेपावतात. उंच उडी मारून चेंडूला हात घालणं तिला नेटबॉलने शिकवलंच होतं. २०२० मध्ये त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंचा राष्ट्रीय संघ निवडला, त्यात शार्नीचं नाव होतं!